दंड पंचवीस, बैठका पन्नास

रत्नाकर टिल्लूचं वजन वाढलं. शेहेचाळीस किलोंवरून एक्कावन्न. हे आधीच सांगून टाकलं. आता तुम्ही ते विसरून जा. वाढलंच नाही असं धरून चाला. कारखान्यानेही तसंच धरलेलं आहे, आणि कारखान्याकडे शिक्का असतो, आपल्याकडे नसतो.

गोष्ट पासष्ट सालची. लढाई थांबली होती, पण जबलपूरच्या कारखान्याला ते कुणी कळवलं नसावं. ओव्हरटाइम चालूच होता. सकाळच्या भोंग्याला आत गेलेला माणूस बारा तासांनी बाहेर पडायचा आणि सायकलच्या रांगेत स्वतःची सायकल ओळखण्याइतकी अक्कल त्याच्यात उरली असेल तर घरी पोचायचा. रत्नाकर तिथे तोफगोळ्यांच्या लाकडी पेट्यांच्या विभागात सुपरवायझर होता. तात्पुरता. बासष्टच्या लढाईत तो तात्पुरता लागला आणि पासष्टच्या लढाईतही तात्पुरताच होता. देशावर दोन संकटं येऊन गेली, पण रत्नाकरला कायम करावं इतकं मोठं त्यातलं एकही नव्हतं.

त्याच्या आडनावाबद्दलही इथेच सांगितलेलं बरं. टिल्लू हे महाराष्ट्रात आडनाव आहे. जबलपुरात ते वर्णन समजलं जातं: एवढासा. हजेरीच्या वेळी नाव पुकारलं की नवी माणसं आधी हसत, मग रत्नाकरकडे बघत, आणि मग 'बरोबर आहे' अशी मान हलवत. शेहेचाळीस किलोंच्या माणसाला यावर रागावण्याचीही सोय नसते. राग दिसायलाही थोडं अंग लागतं.

तर ऑक्टोबर लागताच हुकूम निघाला. तात्पुरत्यांना कायम करण्यात येईल. मात्र एक डिसेंबरच्या वैद्यकीय तपासणीत वजन किमान पन्नास किलो भरलं पाहिजे. न भरल्यास वर्षअखेरीस नोकरी समाप्त, आणि नोकरीबरोबर कारखान्याचा दोन खोल्यांचा क्वार्टरही. पन्नासच का, हे कुणाला माहीत नव्हतं. पेटी उचलता यावी म्हणून असेल, असा एक तर्क होता. रत्नाकरने आजवर पेन्सिलीपेक्षा जड काही उचललं नव्हतं. पण सरकार माणसाकडे फार लांबचा विचार करून बघतं.

नोकरी गेली तर पुढे काय, हेही ठरलेलं होतं, आणि भीती त्याचीच होती. मझौलीला सासऱ्यांची पिठाची गिरणी होती. हुकमाची बातमी तिथे कशी पोचली कोण जाणे, पण आठ दिवसांत सासऱ्यांचं, भय्यासाहेबांचं, पोस्टकार्ड आलं: 'जावईबापूंस आशीर्वाद. गिरणीवर बसायला घरचा माणूस हवाच आहे. आमच्याकडे वजनाची अट नाही.' हे कार्ड पोस्टमनने वाचलेलं होतं, शेजाऱ्यांनी वाचलेलं होतं, आणि मग रत्नाकरला देण्यात आलं. त्याने ते उलटं करून ठेवलं. मागच्या बाजूलाही पीठ लागलेलं होतं.

त्या दिवसापासून त्याचं शरीर सार्वजनिक झालं.

पहिले आले शेजारचे रामराव, रेल्वेतले निवृत्त गार्ड. पस्तीस वर्षं त्यांनी गाड्या वेळेवर सोडल्या होत्या, आता ते माणसांची पचनं वेळेवर आणत.

"रत्नाकर, तू खाऊन राहिला, पण चावून नाही राहिला," ते म्हणाले. "काहून अंगी लागेल? एक घास, बत्तीस वेळा. दात किती? बत्तीस. मग?"

"माझे अठ्ठावीसच आहेत, रामराव."

"मग तेच तर सांगून राहिलो! चारचा घाटा रोज चालून राहिला."

आणि ते गार्डाचं घड्याळ घेऊन जेवणासमोर बसू लागले. बत्तीस चाव्यांप्रमाणे एक पोळी संपायला वीस मिनिटं लागत. दुसरी संपेपर्यंत भोंगा होई. उरलेलं ताट टाकायचं कसं म्हणून इंदू, म्हणजे रत्नाकरची बायको, खाऊन टाकी. पंधरा दिवसांत रत्नाकर होता तिथेच राहिला आणि इंदूचे ब्लाउज उसवावे लागले. हा उपाय गुणकारी आहे यात शंका नाही. फक्त तो शेजारच्या ताटाला लागतो.

वजन बघायचं तर नेपियर टाउनात, एका औषधांच्या दुकानातल्या काट्यावर. जायला-यायला सायकलने पावणेदोन तास. "वजन पाहाले जातो अन् रस्त्यात सांडून येतो," रामराव म्हणाले. पण न बघून चालेना. चार किलो हा आकडा डोक्यात बसला होता. तो पाच बोटांवरही मोजता येण्यासारखा होता, हेच त्यातलं दुःख.

इंदूने मात्र कंबर कसली. दिवसाला सहा वेळा खाणं: भिजवलेले हरभरे, केळी, बरगी गावाकडचं तूप, डिंकाचे लाडू. सगळं सुरळीत चाललं असतं, पण त्याच दिवसांत धान्याची टंचाई म्हणून देशाने सोमवारी रात्रीचं जेवण सोडायचं ठरवलं. आता देश आपापल्या घरी काय करतो हे कोण बघायला जातं? पण कॉलनीत सत्यभामाबाई होत्या. त्यांनी सोमवार समिती काढली. सोमवारी पाच वाजल्यापासून रात्रीपर्यंत त्या पदर खोचून फिरत आणि कुणाच्या सिगडीला धूर आहे का ते बघत. धूर दिसला तर काही बोलत नसत. दारात उभ्या राहून नुसतं सरहद्दीच्या दिशेने बघत. लोक सिगडीवर पाणी ओतत.

एका बाजूला राष्ट्र, दुसऱ्या बाजूला सहा वेळचं खाणं. इंदूने मार्ग काढला. सोमवारी कामावरून आल्याबरोबर रत्नाकरने न्हाणीघरात जाऊन आतून कडी घालायची, आणि पाटावर बसून दोन केळी आणि तीन लाडू संपवायचे. धूर नाही, वास नाही. स्वतःच्या घरात, स्वतःचे लाडू, बंबाच्या आडोशाला खाणाऱ्या माणसाची मनःस्थिती काय असते हे सांगून समजणार नाही. तिसऱ्या लाडवाला बाहेर सत्यभामाबाईंचा आवाज आला आणि घाबरून त्याने कडी काढली. तोंडात अख्खा लाडू होता. रामरावांच्या पद्धतीप्रमाणे तो अकराव्या चाव्यावर होता.

"काय टिल्लू, आज उपास आहे न?"

रत्नाकरने मान हलवली.

"मग बोलत काहून नाही?"

"मौन आहे त्यांचं," इंदू म्हणाली. रत्नाकरने तिला नंतर विचारलं, सुचलं कसं? तर म्हणे, तुमचे गाल बघून.

सत्यभामाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "इंदू, आम्ही नुसतं जेवण सोडून राहिलो. अन् हे बोलणंसुद्धा! अन् तब्येत पाहा, हाडाचा सापळा!"

दुसऱ्या सोमवारी पाच वाजता समितीच्या चौदा बायका टाळ घेऊन हजर झाल्या. रत्नाकरला ओव्हरटाइममधून सुटी मागून आणण्यात आलं होतं. बाहेरच्या खोलीत मधोमध पाट मांडून त्यावर त्याला बसवलं आणि नऊपर्यंत भजनं झाली. बोलायची चोरी, खायची चोरी, उठायची चोरी. एकीने हळद-कुंकू लावलं. समारोपात सत्यभामाबाईंनी जाहीर केलं की टिल्लूंनी गुरुवारही धरायचं मनावर घेतलं आहे. टिल्लूंना हे तेव्हाच कळलं, पण मौन होतं.

शुक्रवारी नेपियर टाउनच्या काट्याने पंचेचाळीस किलो दाखवलं. दुकानदाराने काटा ठोकून पाहिला, मग रत्नाकरला ठोकून पाहिलं. काटा बरोबर होता. त्या संध्याकाळी इंदूने मझौलीला न्यायची भांडी वेगळी काढायला घेतली. रत्नाकरने ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी तो कारखान्याच्या डॉक्टरांकडे गेला.

डॉक्टर तिवारी म्हणजे कुस्तीतून सुटलेला आणि औषधात अडकलेला माणूस. त्यांनी रत्नाकरचा दंड दोन बोटांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही, कारण त्यांना वाटलं अजून यायचा आहे.

"टिल्लूजी, वज़न खाने से नहीं बढ़ता. पचाने से बढ़ता है. दंड पेलिए. बैठक लगाइए. महीने भर में शेर हो जाएंगे."

"साहेब, बारा तास ड्यूटी. वेळ कधी?"

"तो ड्यूटी में लगाइए! मैं लिख देता हूँ."

आता त्या वर्षी हिंदी राजभाषा झाली होती आणि ज्यांना ती येते त्यांनी रोज एक तरी कागद हिंदीत लिहावा, असा आदेश होता. त्या दिवशीचा कागद डॉक्टरांनी अजून लिहिला नव्हता. त्यांनी लिहिला: 'श्री र. टिल्लू से ड्यूटी के समय प्रतिदिन २५ दण्ड तथा ५० बैठकें लगवायी जायें.' सही, शिक्का. आणि त्याच संध्याकाळच्या गाडीने ते सरहद्दीकडच्या लष्करी दवाखान्यात महिनाभराच्या कामावर निघून गेले.

कागद कार्यालयात पोचला. कार्यालय हिंदीत बोलत असे, हिंदीत भांडत असे, पण वाचत असे फक्त इंग्रजी. त्यामुळे हिंदी कागद आधी भाषांतराला जाई. आणि भाषांतराचं काम होतं विष्णुपंतांकडे, कारण ते मराठी, मराठीची लिपी देवनागरी, हिंदीचीही देवनागरी. तेव्हा आणखी काय हवं? एरवी विष्णुपंत शिस्त विभागात होते. अठ्ठावीस वर्षं. त्या विभागात 'दंड' या शब्दाला एकच अर्थ होता, आणि दंड ज्यात ठरतो तिला बैठक म्हणत. लहानपणी त्यांनीही आखाड्यात जोर-बैठका काढल्या असतील, पण अठ्ठावीस वर्षं शिस्तीत काढल्यावर माणसाला बालपण उरत नाही.

त्यांना शंका आली नाही असं नाही. एक आली: आधी दंड आणि मग बैठक, हा क्रम नियमबाह्य आहे. तो त्यांनी समासात टीप देऊन सुधारला. पण पुढचा आकडा बघून ते गहिवरले. पंचवीस दंड, पन्नास बैठका. म्हणजे दर दंडामागे दोन बैठका, एक सुनावणीची आणि एक निर्णयाची. इतकं न्याय्य शिक्षापत्र त्यांच्या टेबलावर कधी आलं नव्हतं. त्यांनी भाषांतर केलं: 'मिस्टर टिल्लू टु बी गिव्हन फिफ्टी मीटिंग्ज डेली, फॉलोड बाय ट्वेंटी-फाइव्ह पेनल्टीज, ड्युरिंग ड्यूटी.' वर लाल पेन्सिलीने 'तातडीचे'.

सोमवारपासून कार्यालयात चौकशी समिती बसली. अध्यक्ष बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, श्रीवास्तव, सचिव विष्णुपंत, आणि तिसऱ्या खुर्चीवर रत्नाकर.

"टिल्लूजी, आपका अपराध क्या है?" बडे बाबूंनी थकलेल्या आवाजात विचारलं.

"मला माहीत नाही साहेब. डॉक्टरांनी लिहून दिलंय."

"कुछ तो किया होगा. रोज़ के पच्चीस हैं. ऐसे ही थोड़े मिलते हैं."

"साहेब, दंड म्हणजे व्यायामाचे दंड! असे..." आणि समजावून सांगण्याच्या भरात रत्नाकर कार्यालयाच्या फरशीवर पालथा झाला. खाली गेला तो व्यवस्थित गेला. वर येणं मात्र जमेना. विष्णुपंतांनी चष्मा वर केला, खाली पाहिलं आणि नोंदवलं: 'दंड क्रमांक एक. बैठकीत जमिनीवर लोळणे.'

बाकीचे चोवीस मिळवायला समितीला घाम फुटला. माणसाने दिवसभरात पंचवीस गुन्हे करायचे म्हणजे त्याला काही तब्येत लागते. शेवटी जांभई देणे, जांभई दाबणे, खुर्ची वाजवणे, खुर्ची न वाजवता बसून समितीची दिशाभूल करणे, असं करत करत सहा वाजेपर्यंत आकडा पुरा होई. प्रत्येक दंडाचं ज्ञापन, प्रत्येक ज्ञापनाला रत्नाकरचा खुलासा, प्रत्येक खुलाशावर 'असमाधानकारक'. त्याच्या फाईलने आठवड्यात असं अंग धरलं की दोन हातांनी उचलावी लागे. पेट्यांच्या विभागात तो नव्हता, त्यामुळे तिथलं काम वाढलं, असं कुणी म्हणालं नाही. उलट पेट्या जास्त निघू लागल्या. हे त्याला कुणीतरी मुद्दाम येऊन सांगितलं.

पण बैठक म्हटली की चहा आणि खाणं आलं. नियमच होता. रोज पन्नास बैठका ऐकून कँटीनने हात टेकले, तेव्हा दर पाच बैठकांमागे एक फेरी असा समझोता झाला. फेरीत येत मंगोडे. म्हणजे आपली मूगडाळीची भजी, पण जबलपूरची, मोहरीच्या तेलातली, दोन खाल्ली की तिसऱ्याला हात आपोआप जाणारी. बडे बाबूंना मधुमेह होता, तेलकट बंद. विष्णुपंतांना आम्लपित्त. आणि बैठकीत आलेला पदार्थ परत पाठवला तर तो 'नाकारलेला माल' ठरून त्याची वेगळी चौकशी लागे. म्हणून तिन्ही बशा रत्नाकरसमोर सरकत. त्याने मंगोडा खावा, खुलासा लिहावा, मंगोडा खावा, सही करावी. चावायला कुणी घड्याळ लावलेलं नव्हतं. हालचाल शून्य. सोमवारी तर भजनालाही सुट्टी, कारण बैठका सोडून निघायला परवानगी नव्हती.

"आज काय खाल्लं?" इंदू विचारी.

"मंगोडे."

"अन् मिळालं काय?"

"पंचवीस."

असं म्हणून तो भिंतीकडे तोंड करून पडून राही. दमलेला माणूस कष्टाने दमतो असं लोक समजतात. बसवून ठेवून, दिवसभर त्याला तो कसा आहे हे सांगत राहिलं, तर तो जास्त दमतो. रत्नाकरला आता झोपेतही कुणीतरी 'असमाधानकारक' म्हणे. पण इंदू त्याच्या विजारीकडे बघत होती. आठवड्याने तिने वरचं बटण सरकवलं. आणखी आठवड्याने दुसरं. दर बटणामागे मझौलीच्या गाठोड्यातलं एक भांडं निघून फळीवर परत येत होतं. शेवटी राहिली नुसती परात, आणि ती तिने तपासणीच्या दिवसासाठी ठेवली.

एक डिसेंबरला काटा एक्कावन्नावर थांबला.

डॉक्टर तिवारी आदल्या दिवशीच परत आले होते. त्यांनी रत्नाकरच्या पाठीवर अशी थाप मारली की काटा क्षणभर साठावर गेला. "देखा! दंड-बैठक का कमाल! कितने लगाए?"

"साडेसहाशे दंड," रत्नाकर म्हणाला. "तेराशे बैठका."

"महीने भर में? शाबाश!" आणि डॉक्टरांनी लिहून दिलं: 'पूर्णतः योग्य.'

ते प्रमाणपत्र घेऊन रत्नाकर कार्यालयात गेला तेव्हा, खरं सांगायचं तर, थोडा ऐटीत चालत होता. कायम झालेला माणूस चालतो तसं चालून बघत होता. बडे बाबूंनी प्रमाणपत्र वाचलं, फाईल ओढून घेतली आणि हळहळले.

"शरीर तो ठीक है, टिल्लूजी. पर कायम होने के लिए पिछले साल में एक भी दंड नहीं होना चाहिए. आपके साढ़े छह सौ हैं."

रत्नाकर धावत डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टर हसत हसत आत शिरले. "अरे भाई, वो तो कसरत थी!" विष्णुपंतांनी मूळ कागद मागवला, चष्म्याने वाचला, चष्म्याशिवाय वाचला. मग पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर आखाड्याची माती दिसल्यासारखी झाली. ते अगदी हळू म्हणाले, "अच्छा. ते दंड."

आता सगळं सुटलं, असं तुम्हाला वाटेल. रत्नाकरलाही वाटलं, साधारण दीड मिनिट.

"म्हणजे दंड रद्द करायचे," विष्णुपंत म्हणाले, कारण ते प्रामाणिक माणूस होते. "पण दंड रद्द केले तर बैठकाही बेकायदा ठरतात. अन् बैठका बेकायदा, तर त्यांतलं खाणं बेकायदा. अन् टिल्लू, बेकायदा खाण्यातून वाढलेलं वजन तपासणीत कसं धरता येईल? ते तर सरकारी मंगोडे आहेत."

"मग दंड राहू द्या," रत्नाकर म्हणाला.

"राहू दिले तर वजन धरता येतं. पण दंड असलेल्याले कायम करता येत नाही."

बडे बाबूंनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. डॉक्टर मध्येच म्हणाले, की निदान पाच किलो वाढले हे तर खरं आहे ना, समोर उभे आहेत. त्यावर विष्णुपंतांनी फार सौम्यपणे सांगितलं की समोर उभं असणं आणि नोंद असणं यात फरक आहे. शेवटी दोन ओळींचा निर्णय झाला. वजनाचा मुद्दा अंतिम निकालापर्यंत बाजूला ठेवावा, तोवर दप्तरी शेहेचाळीसच किलो समजावे. प्रकरण वरिष्ठांकडे पाठवावे, आणि चौकशी चालू असलेल्या कर्मचाऱ्यास नियमाने काढता येत नसल्याने श्री टिल्लू यांस तात्पुरते म्हणून कायम ठेवावे.

घरी इंदू दारातच उभी होती. त्याने निर्णय दोनदा वाचून दाखवला.

"म्हणजे आपण राहून राहिलो, का जाऊन राहिलो?" तिने विचारलं.

"राहून राहिलो," रत्नाकर म्हणाला. "पण रोजच्या रोज."

ती आत गेली, परात गाठोड्यातच राहू दिली आणि थोड्या वेळाने चहा आणि कोरा कागद एकदमच घेऊन आली. रत्नाकरने तासभर त्या कागदाकडे पाहिलं. राग करायला आता अंग होतं, पण दम नव्हता. मग त्याने अर्ज लिहिला, दुसऱ्या दिवशी दाखल केला, आणि त्याची पोच त्याला आजतागायत मिळालेली नाही. अर्ज असा:

'मा. महाव्यवस्थापक साहेबांच्या सेवेशी. विनंती विशेष. अर्जदार हा एकूण एक्कावन्न किलो असून त्यापैकी मूळचे शेहेचाळीस किलो सन १९६२ पासून सेवेत आहेत. सदर शेहेचाळीस किलोंचा दंडांपूर्वीचा सेवाकाळ निष्कलंक आहे. सर्व साडेसहाशे दंड हे वरचे पाच किलो कामावर रुजू होत असताना झालेले असून त्यांची जबाबदारी मूळच्या किलोंवर टाकणे न्यायाचे होणार नाही. तरी मेहेरबान साहेबांनी अर्जदाराचे पहिले शेहेचाळीस किलो कृपया कायम करावेत. उरलेले पाच किलो पुढील आदेशापर्यंत तात्पुरते राहण्यास तयार आहेत. कळावे.'